बीटा पेशींचं रोपण आणि शरीराचा नकार : टाइप १ मधुमेहाच्या कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टेम सेलपासून (म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनवता येतात अशा मूळ पेशींपासून) बनवलेल्या बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, दिल्यावर काही जणांचं बाहेरून इन्सुलिन घेणं सुटलं, ही बातमी तुमच्याही व्हॉट्सअॅपवर येऊन गेली असेल. बातमी खरी आहे आणि आनंदाचीच आहे. पण त्या पेशी जिवंत ठेवायला काय करावं लागतं, तेवढं फॉरवर्ड होता होता गळून जातं. खालचे प्रश्न त्या गळलेल्या भागाबद्दलचे आहेत. बहुतेक आईवडिलांचे, काही स्वतः सुई टोचून घेणाऱ्या तरुण मुलामुलींचे.

बाहेरून आलेली पेशी परकी आहे हे शरीराला कळतं कसं?

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिनं असतात. पेशीच्या आत जे काही तयार होतंय त्याचे बारीक तुकडे ही प्रथिनं बाहेर आणून धरतात आणि प्रतिकारशक्तीच्या टी पेशी ते तपासत फिरतात. विषाणू शिरलेली पेशी अशीच पकडली जाते. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. माणसागणिक ती इतकी बदलतात की दोन अनोळखी माणसांचे संच तंतोतंत जुळणं फार दुर्मीळ. सख्ख्या भावंडांतही ही शक्यता २५ टक्केच.

परक्या माणसाचं एचएलए दिसलं की टी पेशी त्या पेशीवर तुटून पडतात. यात शरीराचं काहीच चुकत नाही. ज्या यंत्रणेमुळे आपण जंतूंपासून वाचतो तीच यंत्रणा रोपण मारते, त्यामुळे तिला सरसकट बंद करून टाकता येत नाही.

'स्टेम सेल रिजेक्ट होत नाहीत' असं एका डॉक्टरांनी सांगितलं. खरं का?

नाही. भ्रूणातून मिळवलेल्या स्टेम सेलवर एचएलए कमी असतं हे खरं, आणि हा समज बहुधा तिथूनच पसरला. पण मधुमेहाच्या या चाचण्यांत रुग्णाला स्टेम सेल देत नाहीत. प्रयोगशाळेत काही आठवडे टप्प्याटप्प्याने वाढवून त्यांच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी केल्या जातात आणि त्या पेशी शरीरात सोडतात. तोवर त्यांच्यावर एचएलए आलेलं असतं. रोपणाच्या जागी सूज आली की ते आणखी वाढतं. पेशी दुसऱ्या कुणाची असेल तर तिला रिजेक्शनचा धोका आहेच.

मग स्वतःच्याच पेशींपासून बनवल्या तर प्रश्नच मिटला ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या प्रौढ पेशी पुन्हा स्टेम सेलसारख्या अवस्थेत नेऊन दाखवल्या. त्यांना आयपीएस पेशी म्हणतात. २०१२ चं नोबेल यासाठीच मिळालं. म्हणजे आता तुमच्याच त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून बीटा पेशी बनवणं तत्त्वतः शक्य आहे. चीनमधल्या डेंग होंगकुई यांच्या गटाने २०२४ मध्ये असा एक रुग्ण जगापुढे मांडला. टाइप १ असलेल्या एका तरुणीच्या चरबीतल्या पेशी घेतल्या, त्यांच्यापासून आयलेट्स, म्हणजे बीटा पेशी असलेले छोटे पुंजके, बनवले आणि पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवले. ७५ दिवसांनी तिचं इन्सुलिन बंद झालं.

आता बातमीत न आलेली गोष्ट. तिचं आधी यकृत प्रत्यारोपण झालेलं होतं, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं तिला सुरूच होती. ती नसती तर या पेशी टिकल्या असत्या का, हे त्या एका रुग्णावरून ठरत नाही.

टाइप १ मध्ये लढाया दोन असतात. परक्या पेशीला नाकारणं ही एक. दुसरी त्याहून जुनी: शरीराने स्वतःच्याच बीटा पेशी शत्रू ठरवून मारल्या, म्हणून तर हा आजार झाला. स्वतःच्या पेशींपासून बनवलेल्या बीटा पेशी पहिली लढाई टाळतात, दुसरी टाळत नाहीत. याचा पुरावा पुष्कळ जुना आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड सदरलँड यांनी एकसारख्या जुळ्यांमध्ये स्वादुपिंडाचा भाग रोपला होता. एक जुळं निरोगी, दुसऱ्याला टाइप १. एचएलए शंभर टक्के तेच, म्हणून सुरुवातीच्या रुग्णांना औषधं दिली नाहीत. इन्सुलिन सुटलं आणि काही आठवड्यांतच परत लागलं. तुकडा तपासला तेव्हा बाकीच्या पेशी शाबूत होत्या, बीटा पेशी तेवढ्या वेचून मारलेल्या होत्या.

खर्चाचं वेगळंच. प्रत्येक रुग्णासाठी पेशी नव्याने बनवायच्या, नव्याने तपासायच्या. जपानमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटाने २०१४ मध्ये एका वृद्ध महिलेच्या डोळ्यात तिच्याच आयपीएस पेशींपासून बनवलेला पडदा बसवला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत मात्र जनुकीय बदल आढळले आणि ते रोपण थांबवावं लागलं.

ज्यांचं इन्सुलिन खरंच सुटलं त्यांना नक्की काय दिलं होतं?

बहुतेक बातम्या झिमिस्लेसेल या उपचाराच्या आहेत. त्याचं मूळ हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या प्रयोगशाळेत आहे. त्यांच्या मुलालाही टाइप १ आहे आणि मुलीलाही. पेशींची ही पाककृती त्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली, पुढे व्हर्टेक्स कंपनीने ती रुग्णांपर्यंत नेली. या पेशी दात्याच्या स्टेम सेलपासून बनतात आणि यकृतात जाणाऱ्या पोर्टल व्हेनमध्ये सोडतात.

जून २०२५ मध्ये आलेले निकाल असे: पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षानंतर इन्सुलिन लागत नव्हतं. बाराही जणांचे साखर धोकादायक खाली जाण्याचे झटके थांबले होते. चाचणीत दोन मृत्यू झाले. एक क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिसने, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी असताना गाठणाऱ्या बुरशीच्या संसर्गाने. दुसऱ्या व्यक्तीचा आधीपासूनचा मेंदूचा आजार बळावला होता. त्या १० जणांचा आनंद सांगताना पहिल्या मृत्यूचा उल्लेख गाळणं मला योग्य वाटत नाही, कारण रिजेक्शन रोखण्याची किंमत काय असते ते तिथे दिसतं.

ही औषधं किती दिवस घ्यावी लागतात? रोजचं जगणं कसं असतं?

पेशी जोवर टिकवायच्या आहेत तोवर. आजच्या पद्धतीत म्हणजे आयुष्यभर.

मुख्य औषध टॅक्रोलिमस. १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबातल्या मातीतल्या जिवाणूत ते सापडलं. याच कामाचं दुसरं औषध सिरोलिमस ईस्टर बेटावरच्या मातीतून आलं आणि ते मूळचे भारतीय असलेल्या सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या चिकाटीमुळे वाचलं. त्याआधीचं सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या पठारावरच्या बुरशीतून. लाखो किडन्या या तीन औषधांनी जगवल्या आहेत.

टॅक्रोलिमस साधारण १२ तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा घेतात. रक्तात ते कमी पडलं तर रिजेक्शन, जास्त झालं तर किडनीला इजा, म्हणून 'टॅक्रो लेव्हल' तपासावी लागते. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची नाही, आधी रक्त द्यायचं आणि मग गोळी. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि डोस विनाकारण कमी केला जातो. किडनी प्रत्यारोपण झालेल्या घरांत हे मुलांनाही पाठ असतं. ग्रेपफ्रूट वर्ज्य, आणि आपल्याकडचं पपनसही वर्ज्य, कारण यकृतातलं जे एन्झाइम हे औषध मोडतं त्याला ही फळं अडवतात आणि लेव्हल वाढते. उलट क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन हे एन्झाइम इतकं वाढवतं की लेव्हल कोसळते. आपल्या देशात हा कागदावरचा धोका नाही. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला क्षय होण्याची शक्यता जास्त, आणि झालाच तर त्याचं मुख्य औषध रोपणाच्या औषधाशी भांडतं.

शिवाय हात थरथरणं, रक्तदाब, किडनीची झीज, दीर्घकाळात त्वचेचे आणि लसिकाग्रंथींचे कर्करोग. जिवंत जंतूंच्या लशी घेता येत नाहीत. आणि टॅक्रोलिमस बीटा पेशींनाही त्रासदायक असतं. किडनी प्रत्यारोपणानंतर काहींना नव्याने मधुमेह होतो, त्याचं हे एक कारण.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्यासाठी प्रयत्न करावा का?

आज माझं उत्तर स्पष्ट 'नको' असं आहे. वरच्या चाचणीत फक्त प्रौढ होते, तेही साखर खाली गेल्याचं ज्यांना जाणवतच नाही आणि ज्यांना जीवघेणे झटके येत होते असे. त्यांच्यासाठी औषधांचा धोका पत्करण्यात अर्थ होता. नऊ वर्षांच्या मुलीला ती औषधं सुरू केली तर पुढची साठ-सत्तर वर्षं घ्यावी लागतील. इन्सुलिन, पंप आणि सतत साखर मोजणारा सेन्सर यांच्या आधारे ती शाळेत जाऊ शकते, कबड्डी खेळू शकते. तिची किडनी सांभाळणं हे तिच्या भविष्यातल्या रोपणासाठीसुद्धा गरजेचं आहे.

ज्यांचं किडनी प्रत्यारोपण आधीच झालंय आणि टॅक्रोलिमस सुरूच आहे, अशा टाइप १ च्या प्रौढांचं गणित वेगळं. औषधांची किंमत ते मोजतच आहेत. त्यांनी आपल्या डॉक्टरांशी हा विषय जरूर काढावा.

पेशी एखाद्या कुपीत बंद करून ठेवता येत नाहीत का?

कल्पना फार सुंदर आहे. चहाच्या गाळणीसारखं आवरण करायचं: साखर, ऑक्सिजन आणि इन्सुलिन आरपार जातील, टी पेशी बाहेर अडतील. १९८० मध्ये लिम आणि सन यांनी समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटच्या मण्यांत आयलेट्स बंद करून उंदरांवर हे करून दाखवलं होतं. माणसात मात्र शरीर त्या आवरणालाच परकं मानतं आणि त्याभोवती तंतूंचं दाट कवच विणतं. बीटा पेशींना ऑक्सिजन भरपूर लागतो, त्यामुळे आत त्या गुदमरतात. व्हायासाइट कंपनीने २०१४ पासून अशी चपटी पिशवी रुग्णांत वापरून पाहिली, तिला याच अडचणी आल्या. व्हर्टेक्सनेही पिशवीतल्या पेशींची स्वतःची चाचणी मार्च २०२५ मध्ये थांबवली, कारण पेशी पुरेसं इन्सुलिन देत नव्हत्या.

पेशीच अशी बदलायची की ती दिसणारच नाही, हे कुठवर आलंय?

मला सगळ्यात जास्त आशा इथे वाटते.

एचएलएचे दोन वर्ग असतात. बी-टू-एम नावाचं जनुक काढलं की पहिल्या वर्गाची प्रथिनं पृष्ठभागावर येत नाहीत. सीआयआयटीए काढलं की दुसऱ्या वर्गाची बंद होतात. टी पेशींना मग पकडायला काही उरत नाही. पण शरीरात एनके पेशी नावाचे दुसरे पहारेकरी असतात. एचएलए गायब असलेली पेशी दिसली की ते तिला मारतात, कारण विषाणू आणि कर्करोगही हीच युक्ती करतात. म्हणून तिसरा बदल करावा लागतो: सीडी४७ हे प्रथिन जास्त प्रमाणात बसवायचं. त्याचा संदेश 'मला खाऊ नका' असा आहे.

स्वीडनमधल्या उप्साला इथे हे पहिल्यांदा टाइप १ च्या माणसात करून पाहिलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. मृत दात्याच्या आयलेट्सवर हे तिन्ही बदल केले आणि रुग्णाच्या हाताच्या स्नायूत इंजेक्शनने सोडले. प्रतिकारशक्ती दाबणारी एकही गोळी दिली नाही. जनुक संपादन कधीच शंभर टक्के पेशींत होत नाही, त्यामुळे टोचलेल्या मिश्रणात तीन प्रकार होते: अजिबात न बदललेल्या, एचएलए गेलेल्या पण सीडी४७ न बसलेल्या, आणि तिन्ही बदल झालेल्या. संशोधकांनी रुग्णाचं रक्त घेऊन तपासलं. पहिल्या गटावर त्याच्या टी पेशी आणि प्रतिपिंडं चालून गेली होती. दुसऱ्या गटाला एनके पेशींसारख्या जन्मजात यंत्रणेने संपवलं. तिसऱ्याच्या वाटेला कुणीही गेलं नाही. एकाच शरीरात, एकाच वेळी तिन्ही उत्तरं मिळाली. १२ आठवड्यांनंतरही त्या पेशी जिवंत होत्या आणि साखरेला प्रतिसाद देत इन्सुलिन बनवत होत्या.

त्याचं इन्सुलिन सुटलं का? नाही. पेशी मुद्दाम थोड्याच दिल्या होत्या, हेतू फक्त त्या टिकतात का हे पाहण्याचा होता. आणि त्या स्टेम सेलपासून बनवलेल्या नव्हत्या. आता हेच तीन बदल स्टेम सेलमध्ये करून त्यांच्यापासून हव्या तेवढ्या बीटा पेशी बनवायच्या, हा पुढचा टप्पा.

अशी अदृश्य पेशी बिघडली तर?

भीती रास्त आहे. शरीराला न दिसणाऱ्या पेशीत विषाणू शिरला किंवा तिची गाठ होऊ लागली तर तिला रोखणार कोण? यासाठी काही गट पेशीत 'आत्मघाती जनुक' घालून ठेवतात, ठरावीक औषध दिलं की फक्त त्या पेशी मरतात. स्नायूत किंवा त्वचेखाली रोपण केलं तर गरज पडल्यास तो भाग कापून काढता येतो. यकृतात विखुरलेल्या पेशींचं तसं करता येत नाही.

रक्तपेढीसारखी जुळणाऱ्या पेशींची पेढी नाही का करता येणार?

जपानने केली. क्योटो विद्यापीठाने असे दाते शोधले ज्यांना आई आणि वडील दोघांकडून एचएलएचा एकच संच मिळाला आहे. अशा मोजक्या दात्यांच्या आयपीएस पेशी सुमारे ४० टक्के जपानी लोकांना जुळतात. आपल्याकडे हे अवघड आहे. शतकानुशतकं जातीत आणि पोटजातीतच लग्नं झाल्यामुळे एचएलएच्या संचांत इतकी विविधता आहे की मूठभर दाते पुरणार नाहीत. क्योटोच्याच एका गटाने २०१९ मध्ये मधला मार्ग सुचवला: एचएलएपैकी काही जनुकं काढायची आणि एनके पेशींना शांत ठेवणारं एचएलए-सी ठेवायचं. त्यांच्या हिशोबाने अशा १२ पेशीओळी (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेले पेशींचे संच) जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांना चालतील.

एचएलए जुळलं म्हणून औषधं टळतातच असंही नाही. तंतोतंत जुळणाऱ्या भावाची किडनी घेतलेल्यालाही साधारणपणे औषधं घ्यावी लागतात.

डोळा आणि मेंदू यांनाही हेच लागू का?

तिथे शरीर जरा सौम्य असतं. पार्किन्सन्सच्या एका चाचणीत दात्याच्या स्टेम सेलपासून बनवलेल्या चेतापेशी मेंदूत सोडल्या, औषधं वर्षभरच दिली आणि ती थांबवल्यावरही पेशी जिवंत असल्याचं स्कॅनमध्ये दिसलं. बीटा पेशींना ही सवलत मिळत नाही.

शरीरालाच 'हे आपलं आहे' असं शिकवता येईल का?

येतं. निसर्गात ते घडतंच. १९४५ मध्ये रे ओवेन यांना गाईच्या जुळ्या वासरांत एकमेकांच्या रक्तपेशी आयुष्यभर शांतपणे नांदताना दिसल्या. पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये उंदराच्या गर्भात परक्या पेशी टोचून तेच घडवून आणलं, १९६० च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. माणसात दात्याची अस्थिमज्जा आणि किडनी एकत्र देऊन काही रुग्णांची औषधं बंद करता आली आहेत. पण अस्थिमज्जेसाठी शरीर तयार करण्याची प्रक्रिया स्वतःच कठोर असते.

दुसरी वाट रेग्युलेटरी टी पेशींची. प्रतिकार आवरणाऱ्या या पेशींच्या शोधासाठी २०२५ चं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. त्या फक्त रोपणाच्या जागी जाऊन पहारा देतील अशी त्यांची जडणघडण करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. दरम्यान, टॅक्रोलिमसऐवजी टी पेशींचा एक संकेत अडवणारं टेगोप्रुबार्ट हे प्रतिपिंड शिकागोमध्ये दात्याच्या आयलेट्ससोबत वापरलं गेलं, तिथे इन्सुलिन सुटलेले रुग्ण आहेत.

पेशी जिवंत आहेत की मेल्या, हे कळतं कसं?

सी-पेप्टाइडने. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत हा तुकडा सुटतो, बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. त्यामुळे बाहेरून इन्सुलिन घेत असतानाही आतली निर्मिती मोजता येते. तो घसरला म्हणजे रिजेक्शनच, असं मात्र नाही. पोर्टल व्हेनमध्ये सोडलेल्या पेशींचा बराच भाग पहिल्या काही दिवसांतच रक्ताशी होणाऱ्या दाहामुळे आणि ऑक्सिजनअभावी मरतो. त्यात एचएलएचा काही संबंध नसतो.

आपल्या शहरात 'स्टेम सेलने मधुमेह बरा' अशी पाटी आहे. जावं का?

जाऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर संशोधनात मोडतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. अशा ठिकाणी बहुधा नाळेतल्या किंवा अस्थिमज्जेतल्या मेसेंकायमल पेशी सलाईनमधून देतात. त्या शरीरात जाऊन बीटा पेशी होत नाहीत.

तरी कुणी गळ घातलीच तर एक प्रश्न विचारा: "पेशी कुणाच्या आहेत, आणि त्या रिजेक्ट होऊ नयेत म्हणून काय देणार?" खरं काम करणाऱ्या डॉक्टरकडे याचं लांबलचक उत्तर असतं, त्याची झोप याच प्रश्नाने उडालेली असते. "आमच्या पेशी रिजेक्ट होत नाहीत" असं एका वाक्यात उत्तर आलं की उठून या.

बाळाची नाळ बँकेत ठेवली आहे. ती कामी येईल?

टाइप १ साठी तिच्यावर भिस्त ठेवू नका. नाळेतल्या रक्तात रक्त बनवणाऱ्या पेशी असतात. अमेरिकेत टाइप १ च्या मुलांना त्यांचंच साठवलेलं नाळेचं रक्त देऊन पाहिलं, त्यापासून अपाय झाला नाही आणि फायदाही दिसला नाही. उद्या स्वतःच्या पेशींपासून बीटा पेशी बनवायची वेळ आलीच तर साधं रक्त पुरेल.

चाचणीत भाग घ्यायचा असेल तर काय बघायचं?

भारतातली प्रत्येक क्लिनिकल ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि तिथे स्वतः शोधून बघा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा. पेशी कुठे सोडणार, काढता येतील का, औषधं कोणती आणि किती काळ, हे त्यात असायलाच हवं. आणि एक गोष्ट सही करण्याआधी लेखी घ्या: चाचणी संपल्यावर टॅक्रोलिमसचा आणि दर महिन्याच्या लेव्हलचा खर्च कोण करणार. पेशी तेव्हाही तुमच्या शरीरात असतील आणि गोळी एक दिवसही चुकवता येणार नाही.